आधी गोळी, मग मी

मित्रांनो, माझ्या पोटातली कल्हई जागोजागी उडाली आहे आणि दांडा मुळाशी सैल झाला आहे. कुणी मला उचललं की मी जराशी डुगडुगते. मला जेझवा म्हणतात. बुडाशी रुंद, गळ्याशी अरुंद आणि लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. माझ्यात कॉफी करतात, दुसरं काही करत नाहीत. एकदा एका पाहुण्याने माझ्यात अंडं उकडलं होतं, पण ती गोष्ट मी सांगत बसत नाही. दमले आहे, म्हणून मुद्द्याचंच सांगते.

त्राव्निक गावातल्या तांबटांच्या गल्लीत मी घडले. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. माझ्या तांबटाला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, त्या गल्लीतल्या सगळ्यांनाच तसं होतं, म्हणून तो ठोक्याचा अंदाज बोटांनी घ्यायचा. शेवटी नवसागराचा धूर झाला, कथील वितळलं आणि माझ्या पोटात चांदण्यासारखी कल्हई पसरली. तेव्हा मी स्वतःला फार सुंदर समजत असे. झुल्फो नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी शेफिकाच्या हातात दिलं. तेव्हापासून मी शेफिकाच्या स्वयंपाकघरात आहे.

आमच्याकडे कॉफी एका तऱ्हेची नसते. सकाळी डोळे उघडायला एक असते. पाहुणा दारात आला की त्याला बसवायला एक, मग गप्पांना एक. आणि पाहुणा हलायचं नाव घेत नसेल, तर ‘आता उठा’ असं तोंडाने न म्हणता पुढे ठेवायची एक. शेफिकाच्या हातची शेवटची कॉफी इतकी मोजकी आणि इतकी गार असायची की माणूस आपोआप बूट शोधायला लागायचा. माझं कौतुक मात्र पहिल्या कॉफीसाठी व्हायचं. हिच्यात फेसाची साय कशी जाड येते बघ, असं शेजारची राझिया म्हणायची. राझिया सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही.

पुढे झुल्फो गेला. मुलगा एन्वर ऑस्ट्रियात बांधकामावर कामाला लागला आणि सणासुदीला येऊ लागला. सकाळी शेफिका एकटीच माझ्यासमोर बसायची. माझ्याशी बोलायची सवय तिला तेव्हाच लागली. मी उत्तर देत नाही हे तिला बरं वाटत असावं.

मग एन्वरने अल्मासाला लग्न करून आणलं.

मित्रांनो, अल्मासा कामाला वाईट नव्हती, पण तिचं काम संपतच नसे. कपडे वाळत घालायला गेली की अर्धे कपडे बादलीत ठेवून पायरीवर टेकायची. उन्हाळ्यातही तिला लोकरीचे मोजे लागायचे. केस विंचरले की फणी भरून यायची. एका वाक्याच्या मध्येच ती थांबायची आणि पुढचा शब्द कुठे गेला म्हणून बघत राहायची. एन्वर परत ऑस्ट्रियाला गेला आणि दोघी सासू-सुना घरात राहिल्या.

“सूर्य डोंगरावरून खाली उतरून गावात आला,” शेफिका म्हणायची, “आमच्या बेगमसाहेब अजून जिन्यातच आहेत.”

अल्मासा हसायची. ते हसणंसुद्धा दमलेलं असायचं.

पहिलं बाळ पोटात राहिलं आणि तिसरा महिना सरायच्या आत गेलं. त्यानंतर दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा कळलं की तिच्या गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी, थायरॉइड, नीट काम करत नाही. आमच्या डोंगराळ भागात पूर्वी म्हाताऱ्या बायकांच्या गळ्याला गलगंड असायचा, शेफिकाच्या आजीलाही होता, त्यामुळे गळ्याचा आजार म्हटल्यावर शेफिकाने अल्मासाचा गळा चाचपून पाहिला. काहीच सुजलेलं नव्हतं. काहीच न दिसता माणूस इतकं थकतं, हे तिला खरं वाटेना.

डॉक्टर सुआदाने रोज एक बारीकशी पांढरी गोळी दिली आणि बजावलं की सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी घ्यायची, मग तासभर काही खायचं नाही.

शेफिकाने हा हुकूम मनावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती अल्मासाच्या आधी उठू लागली. पाव फडक्यात गुंडाळून कपाटात, साईचं लोणी खिडकीबाहेर थंडाव्यात, सफरचंदांची टोपली पलंगाखाली. मग ती मला शेगडीवर ठेवायची. दळलेली कॉफी माझ्या पोटात जराशी गरम होऊ द्यायची, वरून उकळतं पाणी ओतायची, साय वर आली की मला बाजूला घ्यायची. अल्मासा डोळे चोळत यायची, तेव्हा छोट्याशा वाटीत कॉफी तयार असायची. शेजारी ताटलीत गोळी.

“घे, याच्याबरोबर गिळ. नुसत्या पाण्याने घशात अडकते.”

आणि साखरेचा खडा? तो शेफिकाने बंद केला. साखर म्हणजे खाणं. डॉक्टरबाईंनी खायला मनाई केली होती. साखरेशिवायच्या कॉफीने अल्मासाचं तोंड वाकडं व्हायचं, पण ती मुकाट्याने प्यायची. शेफिकाला वाटायचं, आपण किती काटेकोर आहोत. मलाही वाटायचं. आमच्याकडे कॉफीला कुणी खाण्यात धरत नाही. रिकामं पोट म्हणजे ज्यात कॉफीशिवाय काही नाही असं पोट. या गावात कुणालाही विचारा.

मित्रांनो, त्या गोळीचा गुण आला नाही. ग्रंथी मंद असली की रक्तातला एक आकडा चढतो; तो खाली यायला हवा होता, वरच राहिला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. थोड्या दिवसांनी पुन्हा वाढवली. अल्मासाचे मोजे काही निघाले नाहीत.

अशात तिला पुन्हा दिवस गेले.

घरात आनंद झाला असं मी म्हणणार नाही. दोघीही एकमेकींकडे न बघता वावरू लागल्या. डॉक्टर सुआदाने स्पष्ट सांगितलं होतं की पहिले काही महिने बाळाची स्वतःची ती ग्रंथी चालू झालेली नसते, तिचा रस ते आईकडूनच घेतं. आईजवळच नसेल तर बाळाच्या वाढीवर, त्याच्या बुद्धीवर परिणाम होतो. बाळ टिकेलच असंही नाही. अल्मासा हे ऐकून आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिने मला धुतलं, पुन्हा धुतलं, मग तिसऱ्यांदा धुवायला घेतलं. शेवटी शेफिकाने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

बाळंतपणाच्या दवाखान्यातून लोहाच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. शेफिकाने त्या सकाळच्याच ताटलीत ठेवल्या. दोन्ही एकदाच घेतल्या की दिवसभर काळजी नको. दोन्ही औषधंच, एकमेकांशी भांडणार थोडीच आहेत, असं ती मला म्हणाली.

पुढच्या तपासणीत आकडा आणखी वर गेलेला होता.

डॉक्टर सुआदा चांगली बाई आहे, पण तिच्या दाराबाहेर नेहमी रांग असते. त्या दिवशी दार अर्धवट उघडं होतं, बाकावर गावातल्या बायका बसल्या होत्या आणि तिने अल्मासाला विचारलं की तू गोळ्या खरंच घेतेस ना? अल्मासा घरी आली ती कोट न काढताच बसून राहिली. संध्याकाळपर्यंत राझियाला सगळं कळलं होतं. बाकावरच्या बायकांपैकी एक तिची मावसबहीण होती.

राझिया गप्पांची कॉफी पिता पिता म्हणाली, “हल्लीच्या मुली जिभेखाली ठेवतात आणि मग मोरीत थुंकतात. माझ्या भाचीने असंच केलं होतं. औषधाने जाड होईन म्हणून.”

“आमची तशी नाही,” शेफिका म्हणाली.

“मग तुझी कशी आहे? सांग ना.”

शेफिकाने राझियाची वाटी उचलली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अल्मासाने गोळी तोंडात टाकून कॉफीचा घोट घेतला, तेव्हा शेफिका तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तोंड उघड.”

अल्मासाला कळेना.

“उघड म्हणते ना. जीभ वर कर.”

मी शेगडीवर होते, माझ्यातली साय नुकती बसत होती. अल्मासाने तोंड उघडलं. जीभ वर केली. लहान मुलं दाखवतात तसं दोन्ही गालांच्या आतलं दाखवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड तिने उघडंच ठेवलं, शेफिका पुरे म्हणेपर्यंत. जिभेखाली काही नव्हतं. गोळी पोटात गेली होती.

“मिट,” शेफिका म्हणाली. मग वाटी तिच्याकडे सरकवत, “कॉफी गार होते आहे तुझी.”

अल्मासा वर निघून गेल्यावर शेफिका माझ्याजवळ बसली. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं होतं. पण तिला आणखीही एक गोष्ट कळली होती. पोरगी खरं बोलत होती. मग जगात दुसऱ्या कुणीतरी तिला खोटं ठरवलं होतं, आणि ते शेफिकाला चालणार नव्हतं. सुनेला काय बोलायचं ते आपण बोलू, बाकाच्या रांगेसमोर दुसरं कुणी बोलणार नाही, असा तिचा हिशेब. तिने झुल्फोच्या मयताला घातलेला काळा कोट कपाटातून काढला, ब्रश मारून अंगात घातला आणि अल्मासाला घेऊन दवाखान्यात निघाली.

परत आल्यावर तिने मला सगळं सांगितलं. कोट अंगात तसाच होता. रांगेला न जुमानता ती आत शिरली होती आणि तिने डॉक्टरला सुनावलं होतं की माझी सून थुंकत नाही. मी रोज समोर उभी असते. घरात खायचं म्हणून एक चीज तिच्या नजरेला पडू देत नाही. साखरेचा खडासुद्धा देत नाही.

डॉक्टर सुआदाने विचारलं, साखरेचा खडा कशात?

कॉफीत, शेफिका म्हणाली. आणखी कशात?

डॉक्टरच्या टेबलावर तिची स्वतःची कॉफी होती, सकाळची, गार झालेली. तिने ती थोडी बाजूला सरकवली.

“काकू, मी प्रत्येक वेळी विचारलं, काही खाल्लंस का. ती म्हणाली नाही. खरंच सांगितलं तिने. कॉफी प्यायलीस का, असं मी विचारलं नाही. आपल्याकडे ते कुणी विचारतं का?”

मग तिने समजावून सांगितलं. गोळी इवलीशी असते, तिला पोटातून रक्तात जायला निवांत वाट लागते. वर कॉफी आली की ती वाट अडते, आणि गोळी बरीचशी तशीच बाहेर निघून जाते. लोहाची गोळी तर तिला धरूनच ठेवते, सोडतच नाही. कॅल्शियमचं तेच, छातीतल्या जळजळीच्या पावडरीचं तेच. म्हणून ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, कॉफी तासाभराने, आणि लोह दुपारी, मध्ये निदान चार तास सोडून.

“आणि मी माझ्या हाताने,” शेफिका मला म्हणाली, आणि तिथेच थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी भांडं आहे. माझ्यात जे ओतलं ते मी गरम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटली नाही.

मित्रांनो, तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या घरात लग्न झालं, माणूस गेला, युद्धाच्या दिवसांत कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा भाजलेले जव उकळले गेले, तरी पहाटे मी चुलीवर नाही असं झालं नव्हतं. अल्मासाने पाण्याबरोबर गोळी घेतली. शेफिका म्हणाली, तुझ्यासमोर मी एकटी पिऊन तुझा जीव कशाला तळमळवू, मीही थांबते. दोघी मेजाशी बसल्या. काय करावं ते दोघींनाही कळेना. हातात वाटी नसली की आमच्याकडच्या बायकांना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. शेफिका जांभया देत होती, तिचं डोकं दुखत होतं, ती खिडकीतल्या घड्याळावर चिडत होती. मी खुंटीला लटकून गार होते.

त्या रिकाम्या तासात एकदा अल्मासाने सांगितलं की गेलेल्या बाळाचं नाव तिने मनात ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. शेफिकाने नाव विचारलं. अल्मासाने सांगितलं. त्यानंतर त्या दिवशी कॉफी तासापेक्षा बरीच उशिरा झाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. काही आठवड्यांनी एका सकाळी अल्मासा छाती धरून खाली आली. हृदय धडधडत होतं, हात कापत होते, रात्री झोप नव्हती. अंगाला घाम, आणि मोजे तिने कधीच काढून टाकले होते. राझिया तेवढ्यात अंडी द्यायला आली होती. तिने एका नजरेत निकाल लावला.

“बघ, कॉफी तोडलीस आणि पोरगी झिजायला लागली. इतकी वर्षं कॉफीनेच तिला उभं धरलं होतं. दे तिला पूर्वीसारखी, गोळीबरोबर. डॉक्टर लोक पुस्तकातलं बोलतात.”

शेफिकाने माझ्या दांड्याला हात घातला. मला तो हात ओळखीचा आहे, इतक्या वर्षांचा. पण त्या दिवशी त्याने मला खुंटीवरून अर्धंच उचललं. तिला पहिलं बाळ आठवत असणार. जुनी रीत परत धरली की सगळं शांत होईल, असं तिला क्षणभर वाटलं, आणि खरं सांगायचं तर धडधड थांबलीही असती.

“आई, नको,” अल्मासा म्हणाली. “आधी फोन करू.”

“तुझे हात बघ कसे कापताहेत.”

“कापू देत. मला विचारायचं आहे. मनाने काही करायचं नाही आता.”

मला तिचा आवाज नवा वाटला. वाक्य मध्ये कुठे तुटलं नव्हतं.

शेफिकाने दांडा सोडला. फोन लागला, त्याच दिवशी रक्त घेतलं. गोष्ट सोपी होती. कॉफी आणि लोह वाट अडवत होते म्हणून डॉक्टर गोळी वाढवत गेली होती. आता वाट मोकळी झाली, आणि ती वाढलेली गोळी पुरीच्या पुरी अंगी लागत होती. डॉक्टरने गोळी कमी केली, बाळाचे ठोके ऐकले आणि दर महिन्याला रक्त तपासायला बोलावलं. अल्मासाची धडधड उतरली. पुढच्या वेळचा आकडा जिथे असायला हवा तिथे होता. शेफिकाने तो आकडा मला दोनदा सांगितला, जसं काही मी कुणाला सांगणार होते.

राझियाने मात्र गल्लीभर केलं की शेफिकाच्या घरी सकाळी गेलं तर पाणी पाजतात. पाहुण्याला कॉफीसाठी ताटकळत ठेवणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. दोन बायकांनी सकाळचं येणं बंद केलं. शेफिकाला ते लागलं, पण तिने शेगडी पेटवली नाही.

डोंगरावर बर्फ पडलं तेव्हा मुलगी झाली. मोठ्याने रडली, म्हणजे फुप्फुसं चांगली आहेत, असं सगळे म्हणाले. दवाखान्यात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात आणि बाळाची तीच गळ्यातली ग्रंथी नीट चालते का ते पाहतात. तो निकाल येईपर्यंत घरात कुणी जेवण धड केलं नाही. एन्वर सुट्टी काढून आला होता, तो कुंपण दुरुस्त करत राहिला, जे मोडलेलंच नव्हतं. निकाल चांगला आला. शेफिका आत आली, मला खुंटीवरून काढलं, डोक्याच्या रुमालाने पुसलं आणि परत टांगलं. भर दुपार होती, कॉफी करायला काही हरकत नव्हती. तिच्या बहुधा लक्षात आलं नाही.

मित्रांनो, मी थकले आहे. कल्हई करून घ्या म्हणून मी कितीदा मनातल्या मनात म्हटलं असेल, ते या गडबडीत राहून गेलं. कधी आठवण झाली तर बरं. पण तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी आई, मावशी, आजी कुणी थायरॉइडची ही बारीक गोळी घेत असेल, तर ती कशाबरोबर घेते ते एकदा बघा. चहाबरोबर, दुधाबरोबर, दुसऱ्या गोळ्यांच्या मुठीतून? डॉक्टरांना सगळं सांगा, दुसरी औषधं, पोटाची दुखणी, हृदयाचा त्रास, पोटातलं बाळ, सगळं. आणि जे रोजचं आहे, ज्याला तुम्ही खाणं-पिणं समजतच नाही, ते आधी सांगा. गोळी आपल्या मनाने वाढवू नका, सोडू नका. आणि कुणी फार थकलेलं दिसलं तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी थोडं थांबा.

आज सकाळी अल्मासाने पाण्याबरोबर गोळी घेतली आहे. बाळ आजीच्या मांडीवर आहे आणि आजीच्या डोळ्यांवर झोप आहे. राझिया दारात बूट काढते आहे. अजून शेगडी पेटली नाही म्हणून तिची कुरकुर इथपर्यंत ऐकू येते आहे.

“बस,” शेफिका तिला म्हणते आहे. “थांबावं लागेल. हिला धर तोवर.”

आणि राझियाने बाळ घेतलं आहे.